लॅपटॉपचे वाय-फाय इतर उपकरणांना कसे द्यावे, आणि ते कुठे अडते

लॅपटॉपवर नेट छान चालते आहे, पण शेजारचा टॅब, टीव्हीला लावलेली स्टिक किंवा प्रिंटर मात्र नेटविना पडून आहे. असे बहुधा तीन कारणांनी होते. हॉटेल किंवा वसतिगृहाच्या वाय-फायवर एका खात्याला एकच उपकरण जोडू देतात. ऑफिस किंवा विद्यापीठाच्या वाय-फायला नुसता पासवर्ड पुरत नाही, वापरकर्त्याचे नावही द्यावे लागते, आणि साध्या उपकरणांत ते टाकायला रकानाच नसतो. नाहीतर राउटर लांब असतो. लॅपटॉपला जिथे जेमतेम सिग्नल मिळतो तिथे बाकीच्यांना काहीच मिळत नाही. तिन्ही वेळा लॅपटॉपने नेट एका बाजूने घ्यायचे आणि दुसऱ्या बाजूने वाटायचे, हा उपाय चालतो.

बटण दाबायला अर्धे मिनिट लागते. पण आत काय चालते ते ठाऊक नसेल, तर ‘जोडले गेले, पण इंटरनेट नाही’ या एका ओळीपुढे तासभर सहज जातो. म्हणून आधी आतले काम पाहू.

लॅपटॉप आत काय करतो

हॉटस्पॉट चालू केला की लॅपटॉप राउटरची तीन कामे अंगावर घेतो. पहिले काम पत्ते वाटण्याचे. जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक उपकरणाला एक आयपी पत्ता लागतो, तो लॅपटॉप देतो. विंडोज स्वतःकडे १९२.१६८.१३७.१ हा पत्ता ठेवते आणि इतरांना त्याच मालिकेतले पुढचे आकडे देते. लिनक्सवर ही मालिका बहुतेकदा १०.४२.० ने सुरू होते, तर मॅकवर सहसा १९२.१६८.२ ने. हे सगळे ‘खासगी’ पत्ते आहेत. १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ मधले आणि १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते घरगुती व कार्यालयीन जाळ्यांसाठी राखून ठेवलेले आहेत. बाहेरच्या इंटरनेटवर त्यांना काही अर्थ नाही.

म्हणूनच दुसरे काम लागते, पत्ता बदलण्याचे, आणि सगळी किल्ली त्यातच आहे. कार्यालयातली आवक-जावक नोंदवही आठवा. आतल्या कोणीही पत्र लिहिले तरी बाहेर जाते ते कार्यालयाच्या एकाच पत्त्यावरून आणि जावक क्रमांक घालून. उत्तर आले की वही उघडून त्या क्रमांकाचे पत्र कोणाचे होते ते बघायचे आणि त्याच्या टेबलावर ठेवायचे. लॅपटॉप नेमके हेच करतो. टॅबकडून आलेल्या मागणीवर तो स्वतःचा पत्ता लावतो, तिला एक पोर्ट क्रमांक देतो, नोंद ठेवतो आणि पुढे पाठवतो. उत्तर आले की नोंदीप्रमाणे टॅबला देतो. या पद्धतीला नॅट म्हणतात. वरच्या राउटरला फक्त लॅपटॉप दिसतो, मागे आठ उपकरणे असली तरी.

वहीत जावक नोंद नसलेले पत्र आपणहून आले, तर ते कोणाचे हे कळायला मार्ग नाही, म्हणून ते टाकून दिले जाते. हॉटस्पॉटवरच्या उपकरणाशी बाहेरून कोणी थेट संपर्क साधू शकत नाही तो यामुळेच. काही ऑनलाइन खेळ, घरातला कॅमेरा बाहेरून पाहणे या गोष्टी इथे अडतात. त्यात वरचा राउटरही स्वतःची अशीच वही ठेवत असतो, म्हणजे दोन वह्या एकापुढे एक.

तिसरे काम नावांचे. संकेतस्थळाचे नाव देऊन त्याचा आकडी पत्ता विचारणारी डीएनएसची विचारणा उपकरण लॅपटॉपकडे करते, लॅपटॉप ती पुढे करतो. हे काम छोटे, पण ते बंद पडले की सगळे बंद पडल्यासारखे भासते.

इथे जाणकारांचाही एक प्रश्न असतो. पत्ता बदलण्याचा खटाटोप कशाला, लॅपटॉपने नुसता पूल व्हावे आणि सगळे आहे तसे पुढे ढकलावे. विंडोजमध्ये दोन जोडण्या निवडून ‘ब्रिज’ करण्याचा पर्याय दिसतोही. तारेच्या जाळ्यात तो चालतो. वाय-फायवर सहसा चालत नाही. वाय-फायचा राउटर ज्या उपकरणाशी पासवर्डची देवाणघेवाण झाली त्याच्याच हार्डवेअर पत्त्यावरून (म्हणजे आयपी नव्हे, कार्डाच्या स्वतःच्या क्रमांकावरून) आलेली माहितीची पाकिटे स्वीकारतो. नेहमीच्या पाकिटावर तीन पत्त्यांची जागा असते, आणि मागे दडलेल्या उपकरणासाठी चौथा लागतो. चार पत्त्यांची पद्धत अस्तित्वात आहे, पण साधे राउटर आणि लॅपटॉपची कार्डे ती वापरत नाहीत. तेव्हा त्या पर्यायाच्या वाटेला न गेलेले बरे.

एक रेडिओ, दोन धनी

हॉटस्पॉट चालू झाला की विंडोजच्या जोडण्यांच्या यादीत एक नवे ‘कार्ड’ उगवते. यादीत ते वेगळे दिसते, पण लॅपटॉपमध्ये दुसरा रेडिओ आलेला नसतो. आहे त्याच रेडिओला राउटरचे ऐकायचे आणि आपल्या उपकरणांशी बोलायचे, अशी दुहेरी चाकरी लागते. रेडिओ एका वेळी एकाच चॅनेलवर असतो, त्यामुळे हॉटस्पॉट साधारणपणे राउटरच्याच चॅनेलवर उभा राहतो. बहुतेक तक्रारींचे मूळ या एका गोष्टीत आहे.

वेगाचेच घ्या. टॅबवर येणारी प्रत्येक गोष्ट आता हवेतून दोनदा जाते, राउटरकडून लॅपटॉपकडे आणि लॅपटॉपकडून टॅबकडे, तीही एकाच चॅनेलवर. एक फेरी चालू असताना दुसरी थांबते. त्यामुळे लॅपटॉपला वाय-फायवर खरोखर ४० एमबीपीएस मिळत असतील आणि दोन्ही फेऱ्यांचा वेग सारखा असेल, तर टॅबला २० च्या आतच मिळतील. मात्र हा हिशोब रेडिओच्या क्षमतेचा आहे, इंटरनेटच्या नाही. राउटर जवळ आहे, रेडिओ २०० एमबीपीएस देऊ शकतो आणि मूळ जोडणीच ३० ची आहे, तर अर्धे झालेले १०० सुद्धा तिला पुरून उरतात. फरक जाणवणारही नाही. लॅपटॉप सिग्नलच्या टोकाला बसला असेल तेव्हाच हा अर्धा भाग टोचतो.

जागा निवडतानाही हेच लक्षात ठेवावे. रेंज वाढवण्यासाठी हॉटस्पॉट वापरत असाल तर लॅपटॉप राउटर आणि उपकरणे यांच्या मध्ये ठेवायचा, उपकरणांच्या मांडीला मांडी लावून नाही. ज्याला स्वतःलाच दोन काड्या सिग्नल मिळतो तो दुसऱ्याला पाच काड्या दाखवेल, पण त्या पाच काड्या फक्त लॅपटॉपपर्यंतच्या असतात.

दुसरा परिणाम बँडचा. लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर जोडलेला असेल तर हॉटस्पॉटही तिकडेच जातो, आणि स्मार्ट बल्ब, जुने प्रिंटर, स्वस्त कॅमेरे यांना तो दिसतच नाही, कारण त्यांचा रेडिओ फक्त २.४ गिगाहर्ट्झचा असतो. काही नवी कार्डे दोन्ही बँड एकाच वेळी सांभाळतात, पण आपले कार्ड त्यातले आहे हे गृहीत धरू नये. खात्रीचा उपाय म्हणजे लॅपटॉपच राउटरच्या २.४ गिगाहर्ट्झच्या नावाला जोडायचा आणि मग हॉटस्पॉट चालू करायचा.

तिसरा परिणाम फारसा कोणी सांगत नाही. ५ गिगाहर्ट्झमधली ५२ ते १४४ या क्रमांकांची चॅनेल बहुतेक देशांत हवामानाच्या व इतर रडारांबरोबर वाटून घेतलेली आहेत. त्यांवर नवे जाळे सुरू करणाऱ्या यंत्राने आधी रडारचा कानोसा घ्यावा लागतो, आणि रडार आढळले तर चॅनेल सोडावे लागते. घरचा राउटर हे करतो. लॅपटॉपच्या कार्डाला सहसा ती सोय नसते. अशा चॅनेलवरच्या राउटरला लॅपटॉप निमूटपणे जोडला जातो, पण स्वतःचा हॉटस्पॉट तिथे उभा करू शकत नाही. मग हॉटस्पॉट सुरूच होत नाही, किंवा कार्ड दोन चॅनेलमध्ये उड्या मारत राहते आणि नेट धक्के खात चालते. काल चालत होते, आज चालत नाही, कोणी काही बदललेले नाही, अशा कोड्यात राउटरने रात्रीतून आपणहून चॅनेल बदललेले असण्याची शक्यता मोठी. राउटर आपल्या ताब्यात असेल तर त्याला ३६ ते ४८ पैकी एका चॅनेलवर बांधून टाका.

विंडोजवर

विंडोज १० आणि ११ मध्ये सेटिंग्ज, मग ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, मग ‘मोबाइल हॉटस्पॉट’. तिथे दोन गोष्टी विचारल्या जातात. नेट कुठून घ्यायचे, इथे वाय-फाय निवडा. कशावरून वाटायचे, इथेही वाय-फाय. ब्लूटूथचा पर्यायही असतो. तो ईमेल आणि मेसेजपुरता ठीक, व्हिडिओ त्यावर चालायचा नाही. नाव, पासवर्ड आणि बँड बदलून घ्या आणि वरचे बटण चालू करा. एका वेळी आठ उपकरणे जोडता येतात. लॅपटॉप स्वतः कुठल्याच नेटला जोडलेला नसेल तर विंडोज हॉटस्पॉट चालूच करू देत नाही.

पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा लागतो. नावाला ३२ बाइटची मर्यादा आहे, अक्षरांची नाही. हे मराठी नाव ठेवणाऱ्याने ध्यानात घ्यावे, कारण देवनागरीतले प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक मात्रा तीन-तीन बाइट खाते. ‘माझे घर’ एवढ्याशा नावाचे १९ बाइट होतात. शिवाय काही जुनी उपकरणे असे नाव चौकोनांच्या रांगेसारखे दाखवतात, तेव्हा प्रिंटर जोडायचा असेल तर रोमन लिपीतले नाव सोयीचे.

त्याच पानावर खाली वीजबचतीचा एक पर्याय असतो. तो चालू असेल तर कोणीच जोडलेले नसताना हॉटस्पॉट काही मिनिटांत आपोआप बंद होतो. दिवसभर लागणार असेल तर हा पर्याय बंद करा. आणखी दोन खोड्या आहेत. लॅपटॉप झोपला की हॉटस्पॉट गेला, त्यामुळे पॉवर सेटिंग्जमध्ये चार्जर लावलेला असताना ‘स्लीप’ कधीच नाही आणि झाकण मिटल्यावर काहीच करू नये, असे ठेवावे लागते. आणि लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला तर हॉटस्पॉटही पुन्हा हाताने चालू करावा लागतो.

मॅक आणि लिनक्स

मॅकवर ‘जनरल’मधल्या ‘शेअरिंग’खाली ‘इंटरनेट शेअरिंग’ आहे, पण त्यात एक अट आहे. वाय-फायवरून घेतलेले नेट वाय-फायवरूनच वाटता येत नाही. घ्यायचे वाय-फायवर आणि द्यायचे तारेवर, यूएसबीवर किंवा ब्लूटूथवर, किंवा याच्या उलट. विंडोजच्या सवयीने आलेले लोक इथे सेटिंग शोधत बसतात. ते लपलेले नाही, नाहीच.

लिनक्सच्या ग्नोम डेस्कटॉपवर वाय-फायच्या पानावर हॉटस्पॉट चालू करण्याची सोय आहे, मात्र ती लावताच आधीची वाय-फाय जोडणी तुटते. तारेने आलेले नेट वाटायला ती ठीक. वाय-फायचेच वाटायचे असेल तर त्याच कार्डावर दुसरी आभासी जोडणी तयार करावी लागते, आणि कार्डाचा ड्रायव्हर तसे करू देतो का हे आधी बघावे लागते. त्यापेक्षा यूएसबीचे दुसरे कार्ड लावणे सोपे. घेण्याआधी त्याची चिप ‘ॲक्सेस पॉइंट’ म्हणून काम करते का आणि लिनक्समध्ये तिचा ड्रायव्हर आधीपासून आहे का, एवढे पाहावे. दुसऱ्या कार्डाचा फायदा विंडोजलाही आहेच. एक रेडिओ ५ वर ऐकतो, दुसरा २.४ वर वाटतो, आणि वर सांगितलेली तिन्ही दुखणी एकदम जातात.

तारेची वाट

उपकरणे चारपेक्षा जास्त असतील आणि व्यवस्था आठवडाभर टिकवायची असेल, तर आमचे मत तारेच्या बाजूने आहे. घरात पडून असलेला जुना राउटर कामाला येतो. लॅपटॉप वाय-फायवरून नेट घेतो, तारेने जुन्या राउटरला देतो आणि जुना राउटर स्वतःच्या रेडिओवरून वाटतो. जुन्या राउटरचे चॅनेल मुख्य राउटरपेक्षा वेगळे ठेवले की एकाच चॅनेलवरच्या दोन फेऱ्या संपल्या. २.४ गिगाहर्ट्झमध्ये १, ६ आणि ११ ही एकमेकांवर न चढणारी चॅनेल. मुख्य राउटर १ वर असेल तर जुना ६ किंवा ११ वर.

विंडोजवर यासाठी जोडण्यांची जुनी यादी उघडावी लागते, म्हणजे कंट्रोल पॅनेलमधल्या नेटवर्क विभागातले ‘चेंज ॲडॅप्टर सेटिंग्ज’. तिथे वाय-फायवर उजवी क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’, त्यात ‘शेअरिंग’चे पान, पहिल्या चौकोनात खूण आणि खालच्या यादीत ‘इथरनेट’. ज्याचे नेट वाटायचे आहे त्या जोडणीवर खूण करायची, ज्यातून बाहेर द्यायचे तिच्यावर नाही. बरेच जण नेमके उलटे करतात.

जुन्या राउटरची तयारी तार लावण्यापूर्वीच करावी. त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१३७.२ करायचा, त्याचे पत्ते वाटण्याचे काम, म्हणजे डीएचसीपी, बंद करायचे, आणि लॅपटॉपची तार त्याच्या लॅन पोर्टमध्ये लावायची. वॅन लिहिलेल्या किंवा वेगळ्या रंगाच्या पोर्टमध्ये लावायची असेल, तर राउटरचा पत्ता आणि डीएचसीपी आधी होते तसेच ठेवायचे; नेट तेव्हाही चालेल, फक्त एक जावक वही आणखी वाढेल. डीएचसीपी बंद करायचे राहून गेले आणि तार लॅनमध्ये लावली, तर दोघेही पत्ते वाटू लागतात. मग काही उपकरणांवर नेट चालते आणि काहींवर नाही, आणि कोणावर चालेल ते रोज बदलते. केबल साधी चालते. आताचे पोर्ट केबलमधल्या तारांच्या जोड्या आपोआप ओळखतात.

विंडोजच्या या तारेच्या वाटपात एक जुनी खोड आहे. लॅपटॉप पुन्हा चालू केल्यावर चौकोनात खूण दिसते, पण नेट पुढे जात नाही. खूण काढा, ‘ओके’ करा, पुन्हा खूण करा.

जोडले गेले, पण नेट नाही

अशा वेळी सगळे बंद करून चालू करण्याआधी अडलेल्या उपकरणावर त्याला मिळालेला आयपी पत्ता पाहा. निम्मे निदान तिथेच होते.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, किंवा फोन ‘आयपी पत्ता मिळवत आहे’ म्हणत अडून बसला असेल, तर लॅपटॉपने पत्ता दिलेलाच नाही. संशयित दोन. एक, विकत घेतलेला अँटीव्हायरस आणि त्याचा फायरवॉल, जो नव्या जोडणीला ‘सार्वजनिक’ समजून पत्त्यांची विचारणाच अडवतो. तो पाच मिनिटे थांबवून पाहा. फरक पडला तर हॉटस्पॉटच्या जोडणीला ‘विश्वासू’ ठरवा आणि फायरवॉल लगेच पुन्हा चालू करा. दोन, विंडोजमधली ‘इंटरनेट कनेक्शन शेअरिंग’ ही सेवा. ‘सर्व्हिसेस’ उघडून ती पुन्हा सुरू करा.

पत्ता १९२.१६८.१३७ चा आहे, तरीही पाने उघडत नाहीत? उपकरणाच्या वाय-फाय सेटिंगमध्ये डीएनएस हाताने १.१.१.१ किंवा ८.८.८.८ टाकून पाहा. आता उघडत असतील तर नावांचे काम अडले होते. तरीही नसतील तर लॅपटॉपवर व्हीपीएन चालू आहे का बघा. व्हीपीएन लॅपटॉपचे सगळे वळवून बोगद्यात घालतो; हॉटस्पॉटवरून आलेले मात्र मूळ वाय-फायने जाऊ पाहते, आणि काही व्हीपीएन ते मुद्दाम रोखतात. उलट व्हीपीएन चालू असताना हॉटस्पॉट नीट चालत असेल, तर फोनचे नेट व्हीपीएनमधूनच जाते आहे असा समज करून घेऊ नये. बहुतेकदा ते बाहेरूनच जात असते.

एक गमतीदार अडचण साखळीची. लॅपटॉप ज्या वाय-फायला जोडलेला आहे तोच दुसऱ्या विंडोज लॅपटॉपचा हॉटस्पॉट असेल, तर दोन्ही बाजूंना १९२.१६८.१३७ चीच मालिका येते आणि कुठले पाकीट कोणत्या दाराने न्यायचे हे लॅपटॉपला कळेनासे होते. असे मनोरे रचू नयेत.

उपकरण जोडलेच जात नसेल, तर बँड २.४ करून पाहा. सुरक्षेचा प्रकार निवडता येत असेल आणि तो डब्ल्यूपीए३ असेल, तर जुन्या उपकरणांसाठी डब्ल्यूपीए२ वर आणा. हॉटस्पॉटचे बटणच चालू होत नसेल, तर ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये लपलेली उपकरणे दाखवा म्हणायचे आणि ‘वाय-फाय डायरेक्ट व्हर्च्युअल ॲडॅप्टर’ बंद केलेला नाही ना ते पाहायचे. त्याने भागले नाही तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या पानावरून वाय-फायचा ड्रायव्हर नव्याने घालायचा.

हॉटेलच्या वाय-फायवर सगळी उपकरणे एकाच क्षणी बंद पडली, तर हॉटस्पॉटला दोष देण्याआधी लॅपटॉपवर ब्राउझर उघडा. लॉगिनची मुदत संपलेली असते. विंडोजमधला हार्डवेअर पत्ता सतत बदलत ठेवण्याचा पर्याय अशा जाळ्यापुरता बंद ठेवला, तर निदान पुन्हापुन्हा नवे पाहुणे समजून लॉगिन मागितले जात नाही.

आणि फोनवरून टीव्हीवर चित्र टाकायचे असेल, तर दोघांनाही हॉटस्पॉटवरच घ्या. ही उपकरणे एकमेकांना हाका मारून शोधतात, आणि ती हाक लॅपटॉपच्या पलीकडे जात नाही. फोन मुख्य वाय-फायवर आणि टीव्ही हॉटस्पॉटवर असेल तर दोघांवर नेट चालेल, पण फोनला टीव्ही सापडणार नाही.

पासवर्ड कोणाला द्यायचा

हॉटस्पॉटवरची उपकरणे लॅपटॉपच्या आडून बाहेर पडतात, म्हणजे लॅपटॉपला जे दिसते ते बरेचसे त्यांनाही गाठता येते. लॅपटॉप ऑफिसच्या जाळ्यात असेल, तर हॉटस्पॉटवर आलेल्या पाहुण्याचा फोन ऑफिसच्या प्रिंटरपर्यंत आणि आतल्या सर्व्हरपर्यंत पोचू शकतो. आणि त्या फोनने काहीही केले तरी नोंद तुमच्या लॅपटॉपच्या, पर्यायाने तुमच्या खात्याच्या नावावर होते. अनेक संस्थांच्या नियमांत असे वाटप मना आहे ते म्हणूनच, आणि पाकिटांवरच्या खुणांवरून ते त्यांना ओळखूही येते. एकेका टप्प्यावर पाकिटावरचा एक आकडा एकने कमी होतो. लॅपटॉपमागून आलेल्या पाकिटाचा तो एकने आणखी उतरलेला असतो. नियम आधी विचारून घ्यावा.

डेटा मोजून मिळत असेल तर आणखी एक खबरदारी घ्या. हॉटस्पॉटवरचा फोन त्याला साधे वाय-फाय समजतो आणि फोटोंचे बॅकअप, ॲपचे अपडेट निवांत सुरू करतो. प्रत्येक उपकरणावर या जोडणीपुढे ‘मीटर्ड’ अशी खूण करा. आठ उपकरणांत नेट समान वाटण्याची काही सोय लॅपटॉपमध्ये नाही. एकाने मोठी फाइल उतरवायला घेतली की बाकी सातजणांचे व्हिडिओ कॉल तुटायला लागतात, आणि लॅपटॉपवर त्यासाठी फिरवायला एकही बटण नसते.